घशाशी येणारं पित्त

(दृश्य : रविवार सकाळ. मिसळीचा रस्सा, काळा मसाला, वर तर्री.)

नाशिकचा रविवार मिसळीनं उजाडतो. दुपारी घरोघरी ऐकू येतं, "पित्त झालंय." छातीत जळजळ, करपट ढेकर, घशाशी आलेलं आंबट पाणी. कधीमधी झालं तर चालतं. आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्महिने होत असेल तर तो आजार आहे. त्याला रिफ्लक्स म्हणतात.

(दृश्य : सातपूर. रात्रपाळी सुटते आहे.)

रात्रपाळीहून आलेला माणूस जेवतो आणि लगेच आडवा होतो. इथे मिसळीला फार बोल लावू नये. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, ते सैल पडलं की आम्ल वर चढतं. या कड्याला एक सोबती आहे : श्वासपटल, छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा. अन्ननलिका त्याच्या भोकातूनच खाली उतरते, आणि श्वास आत घेताना ते तिला बाहेरून आवळून धरतं.

(दृश्य : उपचाराचा पलंग. गुडघे दुमडून उताणा झोपलेला रुग्ण.)

ऑस्टिओपॅथी म्हणजे हातांनी करायचा उपचार. तिचा हात या श्वासपटलासाठी आहे. 1874 मध्ये अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. बोटं शेवटच्या बरगड्यांच्या कडेला आतून टेकवतात. श्वास सुटताना हलकेच वर नेतात, श्वास घेताना तिथेच थांबतात. पुन्हा, पुन्हा. मानेलाही हात लावतात, कारण श्वासपटलाची नस मानेतून निघते. बेंबी सरकली म्हणून आजी पोट चोळायची, ती गोष्ट वेगळी.

काहींची जळजळ यानं कमी झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. मोठा, भक्कम पुरावा अजून नाही, आणि हे स्पष्ट सांगणं मला उपचाराइतकंच महत्त्वाचं वाटतं. म्हणून चालू गोळ्या मनानं बंद करू नका. घास अडकतो, वजन उतरतं, शौच डांबरासारखं काळं होतं, तर आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा. दुखणं छातीतून हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, तर त्याला पित्त समजून घरी बसू नका. तडक दवाखाना गाठा.

(दृश्य : घर. खाटेचे उशाकडचे पाय विटांवर.)

उशाकडची बाजू वीतभर उंच झाली आहे. आता जेवण आणि झोप यांत तीन तास जातात. रात्रपाळीचा तो माणूस डाव्या कुशीवर वळतो. पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घेतो, हात वर येतो, खाली जातो.