सोन्याच्या फटीतलं टर्बियम

(दृश्य: कुपीतलं गडद हिरवं द्रावण)

हा रंग थॅलोसायनिनचा. छपाईच्या निळ्या-हिरव्या शाईत असतो, त्याच कुळातला. इथे त्याच्या दोन चपट्या चकत्यांमध्ये टर्बियम या दुर्मिळ मृदा धातूचा एकच अणू धरलेला आहे. त्याचं चुंबकत्व चकत्यांना लंब दिशेतच राहतं, वर किंवा खाली. त्यानंतरची अवस्था सुमारे 600 केल्विनच्या उष्णतेइतक्या ऊर्जेने वर, म्हणजे थंडीत तिची चिंताच नको.

यातला प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखा हुबेहूब. चिपवर कोरलेल्या रचनांना हे जमत नाही. क्वांटम संगणकाच्या चर्चेत रसायनशास्त्राच्या या कामगिरीचं नाव क्वचितच निघतं. रेणू जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत तयार झाला, मोजमापं फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या नेल इन्स्टिट्यूटमध्ये झाली.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याची तार, मधोमध निमुळती मान)

तारेखाली ऑक्साइडचा पातळ थर, त्याखाली गेट, म्हणजे व्होल्टेज देऊन वरच्या प्रवाहावर ताबा ठेवणारा थर. वर द्रावणाचा थेंब टाकून सुकवला की चिप थंड करतात आणि तारेवरचा व्होल्टेज हळूहळू वाढवतात. प्रवाहाच्या रेट्याने सोन्याचे अणू सरकतात, मान बारीक होते, रोध चढू लागतो. नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज शून्यावर आणावा लागतो, आणि हे काम हाताने होत नाही, वेगवान सर्किट लागतं. उशीर झाला तर फट रुंद होते आणि प्रवाहच मिळत नाही. हवी असते जेमतेम एक नॅनोमीटरची फट. तीत रेणू अडकला तर अडकला. बहुतेक वेळा फट रिकामीच राहते. कधी सोन्याचा कण मागे राहतो आणि रेणूसारखाच प्रवाह दाखवून फसवतो. चुंबकीय क्षेत्र फिरवल्यावर मात्र त्याचं बिंग फुटतं, कारण त्याच्या आलेखात उडी येत नाही.

(दृश्य: शीतयंत्राच्या सोनेरी तबकड्या, मग पडद्यावर आलेख)

तापमान 100 मिलिकेल्विनच्या खाली, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ. क्षेत्र उणे 60 पासून अधिक 60 मिलिटेस्लापर्यंत सरकवतात. वाटेत एका ठिकाणी टर्बियमचा स्पिन, म्हणजे तेच वर-खाली चुंबकत्व, उलटतो आणि प्रवाहात ही बारीक उडी दिसते. उडी चारच जागी येऊ शकते, साधारण 13 आणि 38 मिलिटेस्लाला, दोन्ही चिन्हांनी. टर्बियमच्या अणुगर्भाचा स्वतःचा वेगळा स्पिन 3/2, त्याच्या अवस्था चार. उडीची जागा सांगते, अणुगर्भ कुठल्या अवस्थेत आहे. क्षेत्र फार वेगाने फिरवलं तर स्पिन उलटतच नाही. ती फेरी बाद.

आता अवस्था बदलायची. पल्स मायक्रोवेव्हचा, शेजारच्या अँटेनातून. पहिल्या दोन अवस्थांसाठी सुमारे 2.5 गिगाहर्ट्झ, पुढच्या जोडीसाठी 3.1. चुंबकीय क्षेत्राने हे करायचं तर प्रवाह मोठा लागतो आणि नमुना तापतो. इथे काम करतं विद्युतक्षेत्र. ते टर्बियमभोवतीचा इलेक्ट्रॉनी ढग किंचित वाकवतं, त्यासरशी अणुगर्भाला जाणवणारं क्षेत्र हलतं. गेटचा व्होल्टेज बदलला तरी हीच वारंवारता सरकते, म्हणून पल्सपूर्वी ती दरवेळी पुन्हा शोधावी लागते. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं. सुसंगती, म्हणजे अवस्थांचं क्वांटम मिश्रण न विस्कटणं, साठेक मायक्रोसेकंद टिकली, पल्स त्याहून खूप छोटा. वाचन मात्र सावकाश: क्षेत्राच्या एका फेरीला सेकंदांचा वेळ, आणि एका बिंदूसाठी अशा कितीतरी फेऱ्या.

2017 मध्ये टर्बियमच्या अशाच अणुगर्भावर ग्रोव्हरची शोधपद्धत, म्हणजे अनेक पर्यायांतून हवा तो कमी पावलांत शोधणारी क्वांटम रीत, चालवून दाखवली गेली.