लायटी किती लागतत?

नमस्कार श्रोतेहो.

सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ला या पट्ट्यात हल्ली एक प्रश्न सारखा कानावर पडतो. हाताशी थोडे पैसे साठलेत, मुंबई-पुण्याचे भाव झेपत नाहीत, मग गोव्यात एखादा लहानसा फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर? जानेवारी २०२३ मध्ये उत्तर गोव्यातल्या मोप्याच्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली, तेव्हापासून तर पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, गोव्याच्या हद्दीत, घर घ्यायची भाषा चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येते. मी असा फ्लॅट घेतलाय. घेण्याआधी एक घ्यायचा टळला, आणि तो टळला माझ्या मामामुळे. तीच हकिगत आधी सांगते.

माझा मामा एस.टी.त कंडक्टर होता. आयुष्य वेंगुर्ला डेपोत गेलं. मे महिन्यातली भर दुपार होती. एजंट आम्हाला पेडण्याच्या बाजूची एक नवी इमारत दाखवायला घेऊन गेला. चार मजले, चोवीस फ्लॅट, लिफ्ट, खाली बाग. वन बीएचके ३८ लाख. एजंट म्हणाला, विमानतळ झालाय ताई, भाडेकरू रांग लावतील. मला घर आवडलं होतं. पर्समध्ये ५१ हजारांचा चेक लिहून तयार होता, फक्त नाव घालायचं बाकी.

मामा वर आलाच नाही. खाली आले तर तो गेटबाहेर इस्त्रीवाल्याच्या बाकड्यावर बसलेला. इस्त्रीवाल्याला विचारत होता, या बिल्डिंगमधून रोज किती घरांचे कपडे येतात? तो म्हणाला, चार-पाच घरांचे. मामाने मान हलवली आणि मला म्हणाला, "आता घराक जावया नको. काळोख पडांदे."

एजंटला निरोप दिला. पेडण्याला हॉटेलात भाजीपाव खाल्ला, चहा घेतला, आणि रात्री आठला परत त्याच गेटासमोर येऊन उभे राहिलो. मामाने बोट वर केलं आणि मोजायला लागला. भरलेल्या गाडीत पॅसेंजर मोजायचा ना, अगदी तसंच, ओठ हलवत, एकेक मजला. पाच उजेड दिसले. त्यातला एक जिन्यातला. म्हणजे चार. दुपारी मला दिसलं नव्हतं ते तेव्हा रस्त्यावरच्या दिव्यात दिसलं: बहुतेक खिडक्यांच्या अॅल्युमिनियमवरची निळी प्लास्टिकची पट्टी अजून निघालेलीच नव्हती. बाल्कनीत कपड्याची दोरी नाही, की तुळस नाही.

मामा म्हणाला, "गो बाय, गाडीत सीटा किती ता इचारू नको. तिकिटा किती फाटली ता बघ."

श्रोतेहो, हे वाक्य मी लिहून ठेवलंय. चोवीसपैकी बहुतेक घरं विकली गेली होती, हे खरं होतं. पण राहायला माणसं चार घरांत. म्हणजे उद्या मी भाडेकरू शोधायला निघाले की उरलेल्यांतले कितीतरी मालक तोच भाडेकरू शोधत असणार, आणि भाडं खाली येणार. विकत घेणारे पुष्कळ असणं वेगळं आणि राहणारे पुष्कळ असणं वेगळं. म्हणून घर रात्री आठ वाजता बघा. आणि शनिवारी-रविवारी नको, मधल्या वारी बघा.

ही बंद घरं मला खरंच बघवत नाहीत. आपल्या गावातही चिरेबंदी घरं चतुर्थीला पाच दिवस उघडतात आणि परत कुलूप लागतं. आणि शाळेत बदलून आलेल्या बाईंना भाड्याची खोली मिळत नाही! दोन खोल्या द्या हो कुणाला तरी. माणसांचा वावर असला तर कौलंही टिकतात.

असो. मग आम्ही म्हापशात घेतला. जुनी इमारत, लिफ्ट नाही, दुसरा मजला, पण बसस्टँड चालत दहा मिनिटं. रात्री आठला जवळजवळ सगळ्या खिडक्या उजळलेल्या. ३२ लाख. भाडं महिना १२ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार, साडेचार टक्के. पण थांबा. एक महिना घर रिकामं जातं, सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, रंग, प्लंबर, हे सगळं धरून ४६ हजार गेले. राहिले ९८ हजार. तीन टक्के. स्टॅम्प ड्युटी यात धरलेलीच नाही. बँकेची एफडी याहून जास्त देते, त्यामुळे कर्ज काढून भाड्यातून हप्ता सुटेल असं कुणी सांगितलं तर कागद-पेन्सिल घेऊन बसा. प्राप्तिकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी आणि वर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढा दिलासा आहे.

आता कागद. राज्य बदललं की कागद बदलतात. गोव्यात सातबारा मागाल तर मिळणार नाही, तिथे फॉर्म १ आणि १४ असतो. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, नवरा-बायकोची मिळकत साधारणपणे सामाईक धरतात, म्हणून विकणाऱ्याबरोबर त्याच्या बायकोचीही सही लागते. दोघांची सही, हे विसरू नका. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे इमारत राहायला वापरायची परवानगी, बघा. नवी इमारत असेल तर तिची नोंद गोव्याच्या रेरावर, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, शोधा, महारेरावर ती सापडणार नाही. आंबोली चढून बेळगावात घ्याल तर कागद कानडीत. वाचून दाखवणारा वकील तिथलाच हवा, एजंटने आणलेला नको.

आणि भाडेकरू. मांसमच्छी खाणारा नको, एकटी मुलगी नको, अशा अटी लावणारे मालक मला मुळीच पटत नाहीत. माझ्याकडे दोडामार्गची एक नर्स राहते. नाइट ड्युटी करून येते, बांगडे तळते, आणि भाडं पाच तारखेच्या आत जमा. करार ११ महिन्यांचा केलाय, पोलीस स्टेशनला माहिती दिलीय.

गेल्या जुलैत तिचा फोन आला, मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय. मेमध्ये घर बघितलं होतं ना आम्ही, ओल दिसणार कुठून! तेव्हा घर पावसातही एकदा बघा. रात्री आठ वाजता आणि पावसात. भिंतीला तळहात लावून बघा, कपाट उघडून वास घ्या.

येत्या रविवारी गवंडी घेऊन म्हापशाला जातेय. मामाही येतोय. त्याला वाटेत पेडण्याला थांबून ती इमारत परत बघायचीय, आता किती लायटी लागतात ते.

नमस्कार.