पुसलेल्या धावपट्टीची फाइल

(दृश्य: शिकागोचा किनारा, आकाशातून)

मिशिगन सरोवराच्या कडेला, शिकागोच्या उंच इमारतींच्या समोर, नॉर्दर्ली आयलंड नावाची ही अरुंद जमीन आहे. १९४८ साली इथे मेग्ज फील्ड हा लहान विमानतळ सुरू झाला. त्याला १८/३६ (हे तिच्या दोन टोकांचे क्रमांक) ही एकच धावपट्टी होती आणि तिची लांबी सुमारे ३,९०० फूट होती. नव्वदच्या दशकात ज्यांनी मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर हा संगणकावर विमान उडवण्याचा खेळ हाताळला, त्यांना शिकागो पाहिलेले नसले तरी ही धावपट्टी पाठ असते, कारण सिम्युलेटर सुरू होताच विमान इथेच उभे असे.

(दृश्य: फुल्या खोदलेली धावपट्टी)

३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशावरून बुलडोझरांनी या फुल्या खोदल्या. अडकलेली १६ विमाने पुढे टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवरून, उडवून न्यावी लागली, शहराने ३३ हजार डॉलरचा दंड भरला, आणि आता तिथे उद्यान आहे.

त्याच वर्षी आलेल्या फ्लाइट सिम्युलेटर २००४ मध्ये मेग्ज होता. २००६ च्या एफएसएक्स या पुढच्या आवृत्तीत तो उरला नाही. ज्यांना तो हवा होता, त्यांनी तो स्वतः बांधला. या चित्रफितीचा विषय आहे त्या बांधकामाची अवजारे.

(दृश्य: जीमॅक्सची खिडकी, मनोऱ्याची तारजाळी)

पडद्यावरचा हा नियंत्रण मनोरा मी जीमॅक्स या त्रिमितीय आकार घडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उभा केला आहे. जीमॅक्स विनामूल्य मिळत असे, आणि त्या काळी हौशी मंडळींची निम्मी सीनरी, म्हणजे सिम्युलेटरमधल्या इमारती आणि परिसर, त्यातूनच निघाली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. त्याच्या मूळ फाइली मात्र फक्त जीमॅक्सच उघडतो. त्याच घराण्यातला महागडा थ्रीडीएस मॅक्सदेखील त्या उघडत नाही. म्हणजे जीमॅक्स चालेनासा झाला, तर मनोरा सिम्युलेटरमध्ये दिसत राहील, पण त्याची एक खिडकीही कुणाला बदलता येणार नाही. जुन्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीत इतका वेळ घालवण्याचे माझे कारण एवढेच आहे.

(दृश्य: नव्या संगणकावर त्रुटीचा संदेश)

सर्वांत जुनी साधने १६-बिट आहेत. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवणारा थरच ठेवलेला नाही, त्यामुळे कम्पॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये कितीही खुणा केल्या तरी हा संदेश हटत नाही. इथे खात्रीचा मार्ग असा: व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, ३२-बिट विंडोज एक्सपी बसवणे, तिचे इंटरनेट तोडून टाकणे, आणि सारे सुरळीत चालू लागल्याच्या क्षणी तिचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या स्थितीची प्रत, घेणे. जीमॅक्स तिथे उघडताना चित्रणासाठी सॉफ्टवेअर हा पर्याय निवडावा. तो संथ आहे, पण तारजाळी तुटत नाही. जुन्या मदत-पुस्तिकाही तिथेच वाचता येतात, कारण त्या उघडणारा प्रोग्रॅम व्हिस्टापासून विंडोजबरोबर येईनासा झाला.

३२-बिट साधने नव्या विंडोजवरही चालतात, फक्त त्यांना काही गोष्टी पुरवाव्या लागतात. व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेल्या अनेक साधनांना ओसीएक्स प्रकारच्या पूरक फाइली लागतात. ६४-बिट विंडोजवर या ३२-बिट फाइली सिसवॉव६४ या फोल्डरमध्ये ठेवायच्या असतात आणि सिस्टिम३२ मध्ये ६४-बिट फाइली असतात; नावे अर्थाच्या अगदी उलट असल्यामुळे इथे बहुतेकांची चूक होते. फाइल ठेवल्यावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून तिची नोंदणी करावी लागते.

(दृश्य: दोन फोल्डर शेजारी शेजारी)

आता हे नीट पाहा. डावीकडे साधन सांगते आहे की विमानतळाची बीजीएल फाइल, म्हणजे सिम्युलेटर वाचतो ती फाइल, तयार झाली, आणि उजवीकडे तोच फोल्डर रिकामा आहे. व्हिस्टापासून विंडोज जुन्या प्रोग्रॅमना प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू देत नाही, पण तसे सांगतही नाही. लिहिलेली फाइल ती गुपचूप वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये वळवते. हे कळण्याआधी मी तोच विमानतळ पुन्हा पुन्हा कंपाइल करत, म्हणजे मजकुरापासून बीजीएल बनवत, राहिलो होतो. सिम्युलेटर आणि साधने दोन्ही प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, ड्राइव्हच्या मुळाशी एखाद्या साध्या फोल्डरमध्ये बसवली, की हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही.

(दृश्य: प्रश्नचिन्हांनी भरलेला फाइलचा पत्ता)

ही अडचण मात्र खास आपली आहे. संगणकावर वापरकर्त्याचे किंवा फोल्डरचे नाव देवनागरीत असेल, तर युनिकोड न जाणणाऱ्या या साधनांना त्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे मिळतात आणि समोर असलेली फाइल त्यांना सापडत नाही. या कामापुरती तरी फोल्डरची नावे रोमन लिपीत आणि आखूड ठेवावीत. जर्मनी किंवा फ्रान्समधल्या मंडळींना दुसरेच भोगावे लागते: तिथे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे ८७.६१ रेखांश काही साधने चुकीचा लिहितात आणि पुढे कंपायलर अडतो. आपण टिंबच वापरतो, म्हणून त्यातून सुटलो.

(दृश्य: एक्सएमएल फाइल, ओळी वर सरकताना)

विमानतळाचा आराखडा असा दिसतो: धावपट्टी, टॅक्सीवे, उभे राहण्याच्या जागा, सारे साध्या मजकुरात. २००४ साठी लिहिलेला हा मजकूर एफएसएक्सच्या एसडीके या निर्मात्यांसाठीच्या साधनसंचातल्या कंपायलरने पुन्हा कंपाइल करावा लागतो. एसडीकेची आवृत्ती आणि सिम्युलेटरचा सर्व्हिस पॅक यांचा मेळ आधी पाहून घ्यावा. हा सिम्युलेटर घडवणारा एसेस स्टुडिओ २००९ च्या जानेवारीत बंद झाला, त्यामुळे त्यात राहून गेलेल्या उणिवा आता आपणच सांभाळायच्या आहेत. एफएसएक्समध्ये त्या जागी विमानतळच नसल्याने जमीन सपाट करणारा बहुकोन आणि आपोआप उगवणारी झाडे वगळणारा बहुकोन, असे दोन्ही वेगळे द्यावे लागतात. नाहीतर धावपट्टीतून झाडे वर येतात.

२०२२ मध्ये, सिम्युलेटरच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त, मायक्रोसॉफ्टने मेग्ज आपल्या नव्या आवृत्तीत परत आणला, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला. हौशी लोकांनी बांधलेल्या इतर शेकडो धावपट्ट्या मात्र अजून त्याच जुन्या फाइलींत आहेत.

(दृश्य: एफएसएक्स, धावपट्टी ३६, सकाळ)

डावीकडे शहर, उजवीकडे सरोवर. झाडे गेली आहेत, मनोरा जागेवर आहे. त्याच्या काचांचे रात्रीचे टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचे चित्र, अजून चुकीच्या स्वरूपात आहे, म्हणून अंधार पडला की खिडक्या काळ्या दिसतात; ती फाइल एक्सपीच्या मशीनमध्ये उघडून ठेवली आहे.