वायद्यात बुडालेली मुंबई

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या शेअर बाजाराची गोष्ट बहुतेक जण वडाच्या झाडापासून सुरू करतात. तीही खोटी नाही. १८५०च्या दशकात टाउन हॉलसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलपाशी, मूठभर दलाल झाडाखाली उभे राहून बँकांच्या आणि गिरण्यांच्या शेअरचे सौदे करत. डोक्यावर छप्पर नाही, लेखी नियमही नाहीत. पण मला विचाराल तर खरी गोष्ट पुढे दहाएक वर्षांनी सुरू होते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. गिरणीवाले हिंदुस्थानी कापसाकडे वळले, भाव कडाडले, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो जिरवायला नव्या बँका निघाल्या, नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या घरात गेला! या सगळ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी होते सुरतेत जन्मलेले दलाल प्रेमचंद रायचंद.

ग्यानबाची मेख होती ती वायद्यात. सौदा आज करायचा, पैसे काही महिन्यांनी द्यायचे. खिशात दमडी नसलेला माणूसही हजारोंचे शेअर घेई. मुदत भरण्याआधी चढ्या भावानं दुसऱ्याच्या गळ्यात मारू, हा त्याचा हिशेब. आणि दुसऱ्याचाही नेमका तोच! कितीतरी वायद्यांची मुदत होती १ जुलै १८६५.

त्याआधीच, एप्रिलमध्ये, दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. म्हणजे अमेरिकेचा कापूस पुन्हा सुटणार. बातमी मुंबईला पोचली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलैला घेणेकरी सगळेच, देणारा कुणी सापडेना. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एकदा २,८५० रुपयांवर गेला होता, त्याला ८७ रुपये मिळेनात अशी वेळ आली. दिवाळखोरांची संख्या इतकी वाढली, की सरकारला त्याच वर्षी त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. प्रेमचंदही बुडाले. भरभराटीत त्यांनी विद्यापीठाला दिलेली देणगी मात्र टिकली. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर त्याच पैशातला.

दलाल संपले नाहीत. जागा बदलत, रस्त्यावर गर्दी करत, ते अखेर आजच्या दलाल स्ट्रीटला येऊन स्थिरावले. ९ जुलै १८७५ रोजी त्यांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. सभासद ३१८, प्रवेश फी अवघा एक रुपया. एवढा पोळणारा अनुभव घेतलेल्या शहरात आपला शब्द चालावा, तर आपल्यातला खोटा माणूस आपणच ओळखला पाहिजे, हे त्यांना कळलं असणार. १८८७ साली संस्थेचा रीतसर दस्तऐवज झाला. त्यात दलालांचं चारित्र्य, दर्जा आणि हित जपणं हा उद्देश नोंदवला गेला, आणि त्याच्या जोडीला सभासदांसाठी एक दालन उभारण्याचा. ते दालन उघडायला १८९९ साल उजाडलं.