एका घराचे पैसे दुसऱ्या घरात

(गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या छोट्या बांधकाम कंत्राटदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

उपस्थित बांधकाम व्यावसायिक बंधू-भगिनींनो,

आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात सारखीच झालेली आहे. कोणी जुन्या मेस्ताच्या, म्हणजे गवंड्याच्या, हाताखाली चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) बसवायला शिकले, कोणी पदविका घेऊन मोठ्या कंत्राटदाराकडे साईट सांभाळली, आणि एके दिवशी नात्यातल्या किंवा वाड्यावरच्या माणसाने विश्वासाने आपल्या घराचे काम हाती दिले. ते घर चांगले झाले म्हणून दुसरे मिळाले. तिसऱ्या-चौथ्या घराशी येईपर्यंत मात्र असे काही घडते, की त्याविषयी आपण एकमेकांतही बोलत नाही: नव्या घराच्या मालकाने दिलेली आगाऊ रक्कम जुन्या घराच्या फरशीत जाते. आज मी एवढ्या एकाच विषयावर बोलणार आहे, कारण कामे हातात भरपूर असूनही व्यवसाय बुडाल्याचे मी जेव्हा जेव्हा पाहिले, तेव्हा मुळाशी बहुधा हेच होते.

माझ्या व्यवसायाच्या चौथ्या वर्षी सावईवेरे, माशेल आणि बांदोडा येथे मिळून तीन घरे माझ्याकडे एकाच वेळी होती. माशेलच्या मालकांनी पायाच्या वेळी दिलेल्या पैशांतून मी सावईवेऱ्याच्या स्लॅबचे लोखंड आणले, आणि माशेलच्या स्लॅबची वेळ आली तेव्हा बांदोड्याच्या हप्त्याची वाट पाहत बसलो. तो हप्ता दोन महिने लांबला. माशेलचे घर पावसात उघडे राहिले, आणि त्या कुटुंबाला चवथीचा गणपती भाड्याच्या खोलीत पुजावा लागला. मी कोणाचा एक पैसाही खाल्ला नव्हता, तरी त्या घरातल्या आजींसमोर उभे राहण्याचे धैर्य मला त्या वर्षी झाले नाही. तिन्ही घरे पुरी झाल्यावर हिशेब केला, तेव्हा कळले की दोन घरांत मला तोटा होता आणि तो पहिल्या महिन्यापासूनच होता. नवी आगाऊ रक्कम येत राहिल्यामुळे तो दिसत नव्हता, इतकेच.

यावरचा उपाय मी मोठ्यांसाठी केलेल्या कायद्यातून घेतला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, ज्याला आपण रेरा म्हणतो, नोंदणीकृत प्रकल्पाच्या खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते आणि ती त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवर खर्च करावी लागते. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि मालकाच्या स्वतःच्या जमिनीवर त्याचे एकटे घर बांधून देणाऱ्या आपल्यासारख्याला तर हा नियम लागूच होत नाही. तरीही मी तो स्वतःला लावून घेतला. प्रत्येक घरासाठी एक वेगळे खाते आणि एक वेगळी वही. त्या घराचा पैसा त्यातच येतो आणि त्यातूनच जातो. माझा घरखर्च मी दरमहा ठरलेल्या पगाराच्या रूपाने घेतो. पहिल्या वर्षी हे फार जड गेले, कारण कोणते काम अंगावर येत आहे ते स्पष्ट दिसू लागले आणि ते झाकायला दुसरीकडचा पैसा हाताशी राहिला नाही.

खाते वेगळे केले की दर काढण्याची पद्धतही बदलावी लागते. आपण सामान आणि मजुरी यांची बेरीज करतो आणि वर १५ टक्के चढवतो. समजा, सगळा खर्च ३४ लाख रुपये आहे. त्यावर १५ टक्के चढवले, तर कराराची रक्कम ३९ लाख १० हजार होते, आणि त्या रकमेत आपला वाटा १३ टक्क्यांच्या आसपास पडतो. कराराच्या रकमेतले १५ टक्के उरायला हवे असतील, तर ३४ लाखांना ०.८५ ने भागावे लागते, म्हणजे आकडा ४० लाख येतो. फरक ९० हजारांचा आहे, आणि घर संपता संपता दारे-खिडक्यांच्या वेळी नेमके तेवढेच कमी पडतात. शिवाय त्या ३४ लाखांत स्वतःचा पगार, टेम्पोचे भाडे, मिक्सरची दुरुस्ती आणि काम एक महिना लांबल्यास वाढणारे सेंटरिंगचे (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचे) भाडे धरले आहे का, हे प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे.

सामानाची उधारी हा याचाच दुसरा भाग आहे. दुकानदार ओळखीचा असतो, नाही म्हणत नाही. रोखीने ३५० रुपयांना मिळणारी सिमेंटची पिशवी महिन्याच्या उधारीवर ३६० ला मिळत असेल, तर आपण महिन्याला २.८६ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ३४ टक्के व्याज देतो. एवढ्या दराने बँकेचे कर्ज आपण कधीच घेणार नाही. मालकाचा हप्ता सामान आणण्यापूर्वी मिळेल असे टप्पे करारात मांडले, तर ही उधारी आपोआप कमी होते. लोखंड आणण्याच्या आधी स्लॅबचा हप्ता, चिरे उतरवण्याच्या आधी भिंतींचा हप्ता, आणि शेवटचा हप्ता इतका लहान की तो अडकला तरी पुढचे काम थांबू नये.

साईटवरची गळती मी मापांनी पकडतो. १०० चौरस मीटरचा स्लॅब १२५ मिलिमीटर जाडीचा असेल, तर १२.५ घनमीटर काँक्रीट लागते. पातळी नीट न धरल्यामुळे जाडी सरासरी १४० झाली, तर १४ घनमीटर जाते. १:१.५:३ या (सिमेंट, रेती, खडी) मिश्रणाला घनमीटरमागे सुमारे ८ पिशव्या धरल्या, तर या १५ मिलिमीटरच्या दुर्लक्षापायी १२ पिशव्या सिमेंट आणि त्या हिशेबाची रेती व खडी गेली. वर स्लॅबचे वजन वाढले ते वेगळेच. लोखंडाच्या सळीचे मीटरमागचे वजन किलोत हवे असेल, तर ते मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून मिळते, म्हणून १२ मिलिमीटर व्यासाची १२ मीटर लांब सळी १०.६७ किलोच्या आसपास भरली पाहिजे. सळी कापण्यापूर्वी कटिंगची यादी कागदावर केली, तर तुकड्यांचा ढीग निम्म्यावर येतो, हा माझा अनुभव आहे.

आता वाढीव कामाविषयी. आपले अनेक मालक मुंबईत, आखातात किंवा पोर्तुगालमध्ये असतात आणि फोनवरून सांगतात की बाल्कांवाला (दारापुढच्या पडवीला) दोन सोपे (बसायचे कट्टे) वाढवा, न्हाणीघर मोठे करा. आपण भिडेखातर हो म्हणतो आणि शेवटी पैशांवरून नाते तुटते. बदल कोणताही असो, त्याची रक्कम आणि लागणारे दिवस लिहून पाठवावेत, आणि लेखी होकार येईपर्यंत काम सुरू करू नये. मोबाईलवरचा संदेशही चालतो. करांचेही तसेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा चालू करारांत हा फायदा कोणाचा, असा प्रश्न उभा राहिला. ज्यांच्या करारात दरबदलाचे कलम होते त्यांना उत्तर आधीच ठाऊक होते.

पैशांची ओढाताण सुरक्षिततेपर्यंत पोहोचते, म्हणून मला ती एवढी गंभीर वाटते. दोन साईट आणि सेंटरिंगचा संच एकच असला, की पहिल्या स्लॅबखालचे टेकू लवकर काढण्याचा मोह होतो. आयएस ४५६ या मानकानुसार साधे सिमेंट वापरले असेल आणि हवामान फार थंड नसेल, तर साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधले अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, गाळा त्याहून मोठा असेल तर १४ दिवस, आणि सहा मीटरहून मोठ्या गाळ्याच्या बीमचे २१ दिवस ठेवायचे असतात. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या, सिमेंटला पाणीही किमान १० दिवस मारायचे असते आणि टेकूंनाही जास्त अवधी द्यावा लागतो. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि तीसहून अधिक जीव गेले. बांधकामावर पोट भरायला दुरून आलेली माणसे त्या ढिगाऱ्याखाली होती. त्या आठवड्यापासून टेकू काढण्याची तारीख मी स्वतः वहीत लिहितो आणि माझ्या सहीशिवाय मुकादम एकही टेकू हलवत नाही.

व्यवसाय वाढवायचा तो या पायावर, आणि आपल्या ऋतूंप्रमाणे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मालकाला मात्र चवथीपूर्वी घरात जायचे असते. म्हणून एप्रिलअखेर स्लॅब आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत बाहेरचा गिलावा झाला नाही, तर ती तारीख मी मालकाला देत नाही. पावसाळ्यात फरशी, वायरिंग आणि आतली रंगाची कामे चालतात, पण नवा पाया ऑक्टोबरशिवाय निघत नाही, आणि या काळात चांगला मेस्त दुसरीकडे निघून जातो. मी प्रत्येक घराच्या दरात पावसाळ्याची थोडी रक्कम धरतो आणि ती वेगळी साठवतो, जेणेकरून मुकादम आणि चार कसलेले मेस्त यांना चारही महिने पगार मिळतो. दुसरे काम हाती घेणे परवडेल की नाही, हे माझ्या मते आगाऊ रकमेपेक्षा या माणसांवर ठरते. चिऱ्याची सांधेसूद भिंत रचणारे आणि जुन्या घराच्या मंगळुरी कौलांचे वासे न हलवता दुरुस्ती करणारे हात आपल्या तालुक्यात कमी होत चालले आहेत, याची मला फार खंत वाटते. ज्याच्याकडे ते आहेत त्याला काम शोधत फिरावे लागत नाही.

माझा स्वतःचा नियम असा: पहिल्या घराचा स्लॅब ओतून झालेला असावा, आणि उरलेल्या कामाचा खर्च त्या घराच्या खात्यातली शिल्लक व येणे असलेले हप्ते यांतून भागत असावा; तसे होईपर्यंत दुसऱ्या घराची आगाऊ रक्कम मी स्वीकारत नाही. या नियमामुळे दोन कामे हातची गेली. माशेलचे ते कुटुंब पाच वर्षांनी वरचा मजला बांधण्यासाठी माझ्याकडे आले, तेव्हा बोलणी सुरू होण्याआधीच मी घराच्या नव्या खात्याची वही आजींच्या मुलाच्या हातात दिली, आणि दर शनिवारी ती त्यांनी पाहावी असे ठरवले.