समुद्राखालचा गोंगाट मोजायला हवा

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात बसून देवमाशांची काळजी कशाला, असं कुणालाही वाटेल. अरबी समुद्र इथून सुमारे सातशे किलोमीटरवर. पण इथल्या कंटेनर डेपोतून निघालेला माल रेल्वेने न्हावा-शेव्याला जातो आणि तिथे जहाजावर चढतो. त्या जहाजाला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्याचा आवाज आपल्याही खात्यावर जमा होतो.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त वेगाने. खालच्या पट्टीतला आवाज तर फार लांब जातो. १९९१ साली दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळ शास्त्रज्ञांनी पाण्यात सोडलेला आवाज थेट अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर नोंदला गेला! समुद्रात थोडं खोल गेलं की उजेड संपतो, म्हणून देवमाशांचा सगळा व्यवहार कानांवर चालतो. निळ्या देवमाशाची हाक इतक्या खालच्या सुरात असते की आपल्याला ती जेमतेम ऐकू यावी. मोठ्या जहाजांचा गोंगाट नेमका त्याच पट्टीत भरलेला असतो. पंखा वेगाने फिरला की पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि मुख्य आवाज त्या फुटण्याचा असतो. सीताबर्डीच्या गर्दीत शेजारच्याशी बोलताना घसा ताणावा लागतो, तशी स्थिती त्या जिवांची रात्रंदिवस.

याने त्यांना खरंच त्रास होतो का? २००१ साली ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजं एकाएकी कमी झाली. पाण्यातला आवाज उतरला आणि तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकंही कमी सापडली. असा प्रयोग मुद्दाम कुणाला करता आला नसता. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की प्लास्टिक समुद्रात वर्षानुवर्षं राहतं, पण आवाज थांबवला की त्याच क्षणी थांबतो. कॅनडाच्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून जवळच्या हॅरो सामुद्रधुनीत जहाजांना वेग कमी ठेवण्याची विनंती केली. सक्ती नव्हती, तरी बहुतेकांनी ऐकलं आणि ओर्कांच्या, म्हणजे किलर व्हेलच्या, त्या पाण्यातला गोंगाट मोजण्याइतका कमी झाला.

मोजण्याइतका, हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पाण्यात ऐकणाऱ्या माइकला हायड्रोफोन म्हणतात. अणुचाचण्या पकडण्यासाठी हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाजवळ बसवलेल्या हायड्रोफोननी तिथल्या निळ्या देवमाशांचं एक वेगळं गाणं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. त्यावरून त्यांचा एक नवाच समूह २०२१ मध्ये जगापुढे आला. एवढ्या अवाढव्य जिवाचा पत्ता लागला तोही ऐकण्यातून.

   

आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे इतर हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. बारा महिने इथेच राहतात. ओमानलगत तर ते शंभराहून कमी उरले असावेत. त्यांना गोंगाटापासून पळायला दुसरा समुद्र नाही. इकडे पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. बंदर झालं की जहाजं वाढणार, त्यात आपल्या विदर्भाचा मालही असेल, आणि त्याला माझा विरोध नाही. माझी मागणी एवढीच आहे की पहिलं मालवाहू जहाज लागण्याआधी तिथल्या पाण्यात हायड्रोफोन उतरवावेत आणि निदान वर्षभर सलग नोंद घ्यावी, पावसाळ्यासकट, कारण पावसाच्या थेंबांचा आणि नांगी कटकट वाजवणाऱ्या कोळंबीचाही समुद्रात आवाज असतो. मूळचा आवाज किती आणि जहाजांनी भर किती घातली, हे त्याखेरीज कुणालाच सांगता येणार नाही. ती नोंद आज राहिली तर जहाजं सुरू झाल्यावर ती मिळवायची सोय नाही.

नमस्कार.