जाळी

(दृश्य: पत्र्याचं शेड. मधोमध सिमेंटचा हौद. पाण्यावर उन्हाची तिरीप.)

एप्रिल महिना. सोलापुरातली अक्कलकोट रोडची एमआयडीसी. सकाळचे दहा वाजलेत आणि पत्रा आत्ताच तापलाय. हौदात दोघांनी मिळून एक रेडिएटर पाण्याखाली दाबून धरलाय. त्याची तोंडं रबरी बुचांनी बंद आहेत, एका नळीतून आत हवा सोडली आहे. कुणी बोलत नाही. सगळ्यांचे डोळे पाण्यावर.

एक बुडबुडा येतो. मोहरीएवढा. मग त्याच्यामागून दुसरा.

मिस्त्रींचं बोट नेमकं तिथं जातं. "हितं आहे बघा."

हा रेडिएटर खडी क्रशरवरच्या लोडरचा आहे. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यात उतरते, आणि ती सगळी या जाळीतून बाहेर टाकावी लागते. वर टाकी, खाली टाकी, मध्ये जाळी. जाळी म्हणजे पितळेच्या चपट्या नळ्या आणि त्यांना चिकटलेल्या तांब्याच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन. गरम पाणी नळ्यांतून उतरतं, फिनमधून वारा जातो.

(दृश्य: टॉर्चची निळी ज्योत. वरची टाकी सुटते.)

टाकी निघाली की आजार दिसतो. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा, खडूसारखा थर. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड. इंजिन तापलं की ऑपरेटर जवळ असेल तेच पाणी ओततो, आणि त्यातले क्षार तापून नळीला धरतात. नळीची आतली वाट जेमतेम दोन मिलिमीटर. तिथं अर्ध्या मिलिमीटरचा थर बसला तरी उरतं काय? घरच्या पाणी तापवायच्या कॉइलवर हाच थर आपण सगळ्यांनी पाहिलाय.

मग पोलादाची पातळ, चपटी पट्टी एकेका नळीतून वरखाली फिरवायची. शंभरावर नळ्या. हे काम घाईनं करता येत नाही. पट्टी अडली आणि जोर लावला की नळी फाटलीच.

(दृश्य: डाख वितळतो, चकाकतो, सांध्यात शिरतो.)

आता डाख. शिसं आणि कथील यांचा हा मिश्रधातू 183 अंशांच्या पुढं वितळू लागतो. तांबं वितळायला 1085 अंश लागतात. तांब्याला धोका नाही, धोका शेजारच्या सांध्यांना आहे, कारण तेही डाखानंच जोडलेले. एक सांधा लावताना बाजूचा सुटता कामा नये. म्हणून मिस्त्री शेजारच्या सांध्यांवर ओल्या टॉवेलची घडी ठेवतात. टॉवेल सोलापूरचाच, लूमवरून दोषामुळं बाजूला काढलेला. नवसागर टाकून भांड्यात कथील फिरवणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा हात ओळखीचा वाटेल. विद्या तीच आहे.

एक गोष्ट मला इथं सांगितलीच पाहिजे. डाखात शिसं आहे. त्याची धूळ बोटांवर राहते, आणि त्याच हातानं भाकरी मोडली तर पोटात जाते. या शेडमध्ये दारालगत साबण आणि वेगळं पाणी आहे, आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही हे शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगितलं जातं. प्रत्येक शेडमध्ये हे व्हायलाच हवं.

(दृश्य: नव्या जाळीचं माप. पट्टी, सुतळी, पुठ्ठ्याचा साचा.)

कधी नळ्याच झिजलेल्या असतात. मग टाक्या जुन्या ठेवून जाळी नवी बनते. इथं गाव आपलं म्हणणं मांडतं. समजा, पाणी 95 अंशांवर आहे. बाहेर 25 अंश असतील तर फरक 70 चा. सोलापुरात मे महिन्यात 43 असतील तर फरक 52 वर येतो. उष्णता या फरकाच्या जोरावरच बाहेर पडते, म्हणजे तीच जाळी इथं पाव हिश्श्यानं कमी काम करते. मग नळ्यांची एक रांग वाढवावी? वाढवतात, पण बेतानं, कारण मागच्या रांगेपर्यंत वारा आधीच तापलेला असतो.

आणि फिन? दाट फिन स्वच्छ हवेत चांगल्या. पण ऊसतोडणी यंत्राच्या जाळीत पाचटाचा भुगा बसतो, क्रशरवरच्या जाळीत दगडाची भुकटी. दाट जाळी आठवड्यात बुजते. म्हणून मिस्त्री इंचाला दोन-तीन फिन कमी ठेवतात. कागदावर तोटा, शेतात फायदा. गळीत हंगामाआधी, दसऱ्याच्या सुमारास, अशा जाळ्यांची रांग लागते.

(दृश्य: कोपऱ्यात कापडात गुंडाळलेला एक उंच रेडिएटर.)

हा मात्र वेगळा पाहुणा. 1920 च्या दशकातल्या मोटारीचा. समोरून मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसतो. ही कल्पना जर्मन अभियंते विल्हेल्म मायबाख यांची. 1900 साली त्यांनी मर्सिडीजसाठी बनवलेल्या रेडिएटरमध्ये 6 मिलिमीटर बाजूच्या 8070 चौकोनी नळ्या होत्या. उलटा प्रकार, वारा नळीतून जातो आणि पाणी नळ्यांच्या भोवतीनं.

मालकांचं म्हणणं एकच, "चेहरा बदलू नका." नळ्या-फिनची नवी जाळी टाकणं सोपं होतं, पण मग ती मोटार तीच राहिली नसती. म्हणून गळणारी घरं एकेक शोधून डाखानं बुजवणं चाललंय. असं फार घरांचं करता येत नाही, कारण बुजलेल्या घरातून वारा जात नाही. तपासणीही हळुवार. त्या काळच्या गाड्यांना प्रेशर कॅप, म्हणजे आतला दाब धरून ठेवणारं झाकण, नसायची, त्यामुळं लोडरला देतात तेवढी हवा इथं दिली तर सांधे उघडतील. इतकी सावध फुंकर मी दुसऱ्या कुठल्या कारखान्यात पाहिलेली नाही.

आजच्या गाड्यांना अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी. हलकी, स्वस्त, आणि टाकीला चीर गेली की बहुतेकदा भंगारात. मला ते दुखतं.

(दृश्य: पुन्हा हौद.)

दुपारी लोडरचा रेडिएटर परत पाण्यात. एक मिनिट. दोन मिनिटं. पाणी स्थिर.

काळ्या रंगाचा पातळ हात मारून तो टेम्पोत चढतो. ऑपरेटर पाण्याचा कॅन उचलतो, तोच मिस्त्री त्याचा हात धरतात.

"बोअरचं हाय का ते? ठिवा खाली. कूलंट आणा, नायतर दिवाळीला परत हितंच याल."